केनरच्या स्टार वॉर्स मूर्ती
‘स्टार वॉर्स’ (१९७७) व त्याच्या पुढील दोन चित्रपटांतील पात्रांच्या प्लॅस्टिकच्या, हातपाय हलणाऱ्या मूर्ती. सिनसिनाटी (अमेरिका) येथील केनर कंपनीने त्या १९७८ ते १९८५ या काळात विकल्या. मेगो या तेव्हाच्या मोठ्या कंपनीने या मूर्ती बनवण्याचे हक्क आधी नाकारले होते. मूर्तींची उंची जेमतेम पावणेचार इंच ठेवल्याने त्यांना आत बसवता येईल अशी अंतराळयाने परवडणाऱ्या किमतीत करता आली. १९७७ च्या नाताळापर्यंत माल तयार नसल्याने केनरने चक्क कागदी पाकिटे विकली. त्यांतील पत्र कंपनीला पाठवणाऱ्यास पहिल्या चार मूर्ती नंतर टपालाने मिळाल्या.

संग्राहक न उघडलेले वेष्टन, पुठ्ठ्याची स्थिती आणि मूळ शस्त्रे पाहतात. इवली शस्त्रे मुलांकडून हटकून हरवत, म्हणून त्यांच्या नकला बाजारात फार. जावा या पात्राची झूल आरंभी व्हिनाइलची होती, ती लवकरच कापडी झाली; त्यामुळे व्हिनाइलची झूल दुर्मिळ ठरली. दुसऱ्या मूर्तीची झूल कापून तिची बनावट करतात. पाठीवरून अग्निबाण सोडणारी बोबा फेट या पात्राची मूर्ती मुलांच्या घशात तुकडा अडकण्याच्या भीतीने विक्रीस आलीच नाही. तिच्या एका नमुन्याला २०२४ मध्ये लिलावात पाच लाख डॉलरहून अधिक किंमत आली.