वाचनदोष (मोबाइल ॲप)

फोनच्या साठवणीतून ॲपने मागितलेली माहिती न मिळणे, अर्धवट मिळणे किंवा बिघडून मिळणे. फाइल मुळातच नसणे, परवानगी नसणे, फोन अनलॉक झालेला नसणे आणि मजकूर खराब होणे ही याची नेहमीची कारणे. मधल्या दोहोंत माहिती शाबूत असते, फक्त त्या क्षणी हाती येत नाही. सगळ्या कारणांना ‘माहिती नाही’ असे एकच उत्तर समजणारे ॲप कोरी पाटी दाखवते आणि पुढच्या सेव्हला जुन्या फाइलवरच लिहिते. खरी हानी वाचनात नव्हे, या लेखनात होते.

एसक्यूलाइट : रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये आणलेला हा डेटाबेस अँड्रॉइड व आयओएस या दोन्हींत अंगभूत आहे. वाचन फसल्यास तो कारण क्रमांकाने कळवतो. १० म्हणजे डिस्कवरील वाचन-लेखनाची अडचण, ११ म्हणजे फाइलची रचना बिघडलेली, २६ म्हणजे ही डेटाबेसची फाइलच नव्हे. एसक्यूलाइटच्या प्रत्येक डेटाबेस-फाइलच्या पहिल्या १६ बाइटांत ठरावीक ओळखखूण असते, तिच्यावरून हे शेवटचे ठरते. त्यामुळे कूटबद्ध केलेली धडधाकट फाइल किल्लीविना उघडली तरी २६च मिळतो. अँड्रॉइड मात्र ११ आणि २६ दोन्ही बिघाडातच मोजते, आणि तिची मूळ व्यवस्था बिघाड कळताच फाइल पुसून टाकते. ॲप पुन्हा चालू होते, वापरणाऱ्याच्या नोंदी जातात; हा सौदा बहुतेकांच्या नकळत होतो. ही व्यवस्था बदलण्याची सोय अँड्रॉइड ३.० पासून आहे. निदान फाइलची नक्कल बाजूला ठेवावी, कारण एसक्यूलाइट ३.२९.० (२०१९) पासूनच्या ‘रिकव्हर’ आज्ञेने तिच्यातून काही ना काही सोडवता येते. २०१० मध्ये आलेल्या डब्ल्यूएएल (राइट-अहेड लॉगिंग) पद्धतीत नवे बदल आधी जोडफाइलमध्ये जातात. नक्कल करताना ती मागे राहिली, तर ताज्या नोंदी गळतात.

सेटिंग्ज : अँड्रॉइडची शेअर्ड प्रेफरन्सेस ही सोय लिहिण्याआधी जुनी फाइल राखून ठेवते, लेखन अर्धवट राहिल्यास पुढच्या वेळी तीच वाचली जाते. अँड्रॉइडचीच डेटास्टोअर ही सोय बिघडलेला मजकूर आणि तात्पुरती अडचण यांसाठी वेगळे अपवाद देते.

अनलॉकपूर्व वाचन : अँड्रॉइड ७.० (२०१६) मधील डायरेक्ट बूटमुळे फोन सुरू होऊन पहिल्यांदा अनलॉक होण्याआधीही काही ॲपे चालतात, पण त्यांची नेहमीची साठवण तोवर बंद असते. येथे दुरुस्तीचा प्रश्नच नाही, थांबावे.

पुनःप्रयत्न : एसक्यूलाइटच्या क्रमांक १० वर काही वेळा उपयोगी, ११ वर सहसा निरुपयोगी.

आयओएस : फाइल-संरक्षणाच्या वर्गांनुसार अनलॉकपूर्व वाचनासारखेच अडथळे येतात.