हंगामी कुलगुरू

सरकारी नोकरीत 'हंगामी' हा शब्द आम्हां सर्वांच्या चांगल्या परिचयाचा आहे. खुर्ची दुसऱ्याची, सही आपली, आणि नाजूक प्रकरणे कायमचा अधिकारी येईपर्यंत बाजूस ठेवावयाची, ही त्या पदाची रूढ रीत. काशी हिंदू विश्वविद्यालयाचा इतिहास पाहता मात्र या रीतीचा फेरविचार करणे आम्हांस भाग पडते.

विश्वविद्यालयाची कोनशिला ४ फेब्रुवारी १९१६ रोजी बसली. पहिले कुलगुरू सर सुंदरलाल १९१८ साली निवर्तले. त्यांची धुरा मद्रासच्या सर शिवस्वामी अय्यर यांनी उचलली आणि जेमतेम वर्षभराने, १९१९ साली, खाली ठेवली. पुढे मालवीयजींचे पर्व चालले.

प्रकृती खालावल्यावर मालवीयजींनी राधाकृष्णन यांना गळ घातली. ते कलकत्त्यास प्राध्यापक. ऑक्सफर्डचे अध्यासनही त्यांच्याकडे होते. तेव्हा वेतन घ्यावयाचे नाही आणि आठवड्याच्या अखेरीस कलकत्त्याहून येऊन कारभार पाहावयाचा, अशी व्यवस्था १९३९ साली ठरली. नेमणूक नावाने हंगामी नव्हती. पण या पाहुण्या कुलगुरूचे बिऱ्हाड काशीत कितपत टिकेल, ही शंका स्वाभाविक होती. १९४१ साली बडोद्याच्या देणगीतून सयाजीराव गायकवाडांच्या नावाचे भारतीय संस्कृतीचे अध्यासन निर्माण झाले, ते राधाकृष्णन यांनी स्वीकारले आणि कलकत्ता सोडले.

खरी कसोटी १९४२ साली लागली. जानेवारीत गांधीजींच्या उपस्थितीत रौप्यमहोत्सव झाला. ऑगस्टमध्ये विद्यार्थी 'चले जाव' चळवळीत उतरले, विश्वविद्यालय बंद पडले आणि आवारात फौज शिरली. प्रांताचे गव्हर्नर सर मॉरिस हॅलेट यांच्या मनात तेथे युद्धरुग्णालय उघडावयाचे होते. तसे झाले असते तर शांतता प्रस्थापित झाल्यावरही ती वास्तू विद्येकडे केव्हा परतली असती, कोण जाणे! राधाकृष्णन यांनी दिल्ली गाठली, व्हाइसरॉयपर्यंत शब्द टाकला आणि तो बेत रद्द करविला. सरकारी अनुदान रोखले गेले, तेव्हा त्यांनी झोळी घेऊन देणग्या मिळविल्या. आपली मुदत किती, हा हिशेब त्यांनी मध्ये आणला नाही. जानेवारी १९४८ मध्ये त्यांनी पद सोडले, त्यानंतर डॉ. अमरनाथ झा यांनी त्याच वर्षी काही महिने ते सांभाळले.

अल्प मुदतीच्या कुलगुरूचे आणखी एक स्मरण काशीत आहे, आणि ते मराठी आहे. न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग १८९२ साली मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू झाले आणि १८९३ साली, ऐन उमेदीत, वारले. त्यांचे चिरंजीव प्रा. पी. के. तेलंग यांनी पित्याच्या स्मरणार्थ दिलेल्या ग्रंथसंग्रहातून १९१७ साली विश्वविद्यालयाच्या ग्रंथालयाचा आरंभ झाला. कमच्छाच्या तेलंग हॉलमधील ते रोपटे पुढे सयाजीराव गायकवाडांच्या देणगीने उभ्या राहिलेल्या भव्य वास्तूत १९४१ साली गेले.

काशीस बदलून येणाऱ्या आमच्या बांधवांनी गंगास्नान आणि विश्वेश्वराचे दर्शन आटोपल्यावर एक फेरी या ग्रंथालयाकडेही अवश्य करावी. स्वतःच्या बदलीचा हुकूम केव्हा येईल याची चिंता त्या दालनात काही काळ तरी विसरावयास होते, असा आमचा विश्वास आहे.