कॉर्कचे मीठ, न्यूयॉर्कचे पातेले

१६६७ साली इंग्लंडच्या संसदेने आयर्लंडहून येणाऱ्या जिवंत गुरांवर बंदी घातली. स्वस्त आयरिश जनावरे बाजारात आली की इंग्रज पशुपालकांचा भाव पडत असे. गुरे जाईनात, तेव्हा आयरिश व्यापाऱ्यांनी मांसच धाडायला सुरुवात केली. कॉर्क बंदराच्या आसपास जनावरे कापली जात, मांसाला जाडे खडेमीठ लावून ते लाकडी पिंपांत ठासले जाई. अठराव्या शतकात ही पिंपे ब्रिटिश आरमाराच्या जहाजांवर आणि कॅरिबियनमधल्या उसाच्या मळ्यांपर्यंत पोचत होती. फ्रेंच जहाजेही गिऱ्हाईक होती.

आयरिश कुळांच्या ताटात मात्र हे मांस क्वचितच पडे. गाय पाळायची ती दूधलोण्यासाठी. रोजचे जेवण म्हणजे बटाटे आणि ताक, आणि सणासुदीला जमलेच तर डुकराचे खारवलेले मांस, सोबत उकडलेला कोबी.

१८४५ मध्ये बटाट्यावर करपा पडला. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भूक आणि साथींनी दगावली, त्याहून अधिकांनी देश सोडला. त्यातल्या अनेकांनी न्यूयॉर्क गाठले.

तिथे डुकराचे मांस महाग आणि गोमांस स्वस्त, असा उलटा हिशेब होता. शहराच्या लोअर ईस्ट साइड भागात पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंची वस्ती वाढत होती. त्यांना डुक्कर निषिद्ध, म्हणून त्यांचे खाटीक जनावराच्या छातीचे मांस, म्हणजे ब्रिस्केट, खारवून विकत. आयरिश गृहिणींनी तेच घरी नेले, असे खाद्येतिहासाचे अनेक अभ्यासक सांगतात. कोबी तर जुन्या ओळखीचा आणि स्वस्त.

ब्रिस्केट मुळात चिवट. मीठ, थोडी साखर, मिरी, मोहरी, धने, लवंग आणि तमालपत्र घातलेल्या पाण्यात ते आठवडाभर मुरते. शिजल्यावरही मांस गुलाबी राहते, ते खारवताना घातलेल्या नायट्राइटमुळे. पूर्वी त्यासाठी सोरा वापरत. मग वरचे मीठ धुऊन टाकायचे, तुकडा बुडेल एवढे पाणी घालायचे आणि एक उकळी आली की आच मंद करायची. खळखळ उकळले तर मांस दडस होते. तीनेक तासांत मांसाच्या धाग्यांना बांधणाऱ्या चिवट ऊती विरघळून त्यांचे जिलेटिन होते. बटाटे आणि गाजरे शेवटच्या अर्ध्या तासात, कोबीच्या जाड फोडी अगदी शेवटी. सुरी चालवायची ती धाग्यांना आडवी.

जॉर्ज मॅकमॅनसच्या १९१३ मध्ये सुरू झालेल्या ‘ब्रिंगिंग अप फादर’ या चित्रपट्टीतला जिग्ज याच जेवणापायी बायकोचा मार खातो. गवंड्यांच्या हाताखाली राबलेला हा आयरिश माणूस अचानक श्रीमंत होतो. बायको मॅगीला उच्चभ्रूंत मिरवायचे असते. हा मात्र खारवलेले बीफ आणि कोबी खायला डिंटी मूरच्या खानावळीत पळतो.

आता हे सेंट पॅट्रिकच्या सणाचे, १७ मार्चचे जेवण आहे. २०१७ साली ही तारीख ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या शुक्रवारी आली. त्या वारी कॅथलिकांना मांस वर्ज्य. न्यूयॉर्कच्या कार्डिनल डोलन यांनी त्या दिवसापुरती सूट जाहीर केली, आणि अमेरिकेतल्या इतर अनेक बिशपांनीही तेच केले.