परदेशस्थ अमेरिकनांची टॅक्स क्रेडिट

अमेरिकन नागरिक जगात कुठेही राहत असला, तरी त्याला सगळ्या उत्पन्नाचे विवरणपत्र अमेरिकेत भरावे लागते. केवळ नागरिकत्वावरून असा कर आकारणारा दुसरा देश म्हणजे इरिट्रिया. मेक्सिकोत राहणाऱ्या एका अमेरिकन नागरिकाने कर आकारण्याच्या अमेरिकेच्या या हक्काला आव्हान दिले होते. १९२४ साली ‘कुक विरुद्ध टेट’ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारची बाजू उचलून धरली.

परदेशस्थांना १५ एप्रिलऐवजी १५ जूनपर्यंतची मुदत आपोआप मिळते, अर्ज केल्यास १५ ऑक्टोबरपर्यंतची. व्याज मात्र एप्रिलपासूनच चढते.

दुहेरी कर टाळण्याचा जुना मार्ग म्हणजे १९१८ पासूनचे परदेशी कराचे क्रेडिट. परदेशात भरलेला आयकर फॉर्म १११६ वर दाखवून अमेरिकी करातून वजा करता येतो, पण त्या उत्पन्नावर अमेरिकेत जेवढा कर बसला असता तेवढाच. उरलेले क्रेडिट एक वर्ष मागे किंवा दहा वर्षे पुढे नेता येते. विवरणपत्राला उशीर झाला म्हणून ते बुडत नाही. त्यातून परतावा निघत असेल, तर तो मागायलाही दहा वर्षे मिळतात.

पुण्यात नोकरी करणाऱ्या अमेरिकन नागरिकाची खरी दमछाक तारखांत होते. पगारावरच्या टीडीएसचा त्याचा दाखला, म्हणजे ‘फॉर्म १६’, असतो एप्रिल ते मार्चचा, तर अमेरिकेचे करवर्ष जानेवारी ते डिसेंबरचे. साहजिकच दोन आर्थिक वर्षांतला टीडीएस महिन्यामहिन्याने वेगळा काढून जुळवावा लागतो.

उशिराचा फटका बसतो तो रोख परत मिळणाऱ्या क्रेडिटना. २०२४ साठी कर शून्य असला, तरी मुलांसाठीच्या क्रेडिटपोटी कमाईच्या प्रमाणात दर मुलामागे १,७०० डॉलरपर्यंत हाती येऊ शकतात. मुलाला सोशल सिक्युरिटी नंबर हवा आणि मागणी साधारण तीन वर्षांत व्हायला हवी. कोविडकाळातल्या २०२१ च्या मदतीचा दावा १५ एप्रिल २०२५ नंतर असाच संपला. फॉर्म २५५५ भरून २०२४ ची १,२६,५०० डॉलरपर्यंतची परदेशी कमाई करमुक्त करून घेतली, तर मुलांची ही रोख रक्कम गमवावी लागते. सोपा म्हणून हाच फॉर्म उचलणारे पालक हे फार उशिरा ओळखतात.

स्वतंत्र व्यावसायिकाच्या १५.३ टक्के स्वयंरोजगार कराला परदेशी कराचे क्रेडिट किंवा फॉर्म २५५५ ची करमुक्ती लागू पडत नाही, कारण तो आयकर नव्हे. आणि त्यातून सुटका देऊ शकणारा भारत-अमेरिका सामाजिक सुरक्षा करारही झालेला नाही.