रे रोड, जवस आणि सुफलाची गोणी

आजचा विषय खताचा, पण सुरुवात रे रोड स्टेशनपासून. लहानपणी मला हा 'रे' म्हणजे 'अरे'मधला 'रे' वाटायचा. खरं तर नाव लॉर्ड रे यांचं. 1885 ते 1890 ते मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते.

त्यांच्याच काळात, 1889 साली, जॉन ऑगस्टस व्होल्कर हा रसायनतज्ज्ञ इथली शेती पाहायला आला. 1893 च्या अहवालात तो सरळ सांगतो, की इथला शेतकरी अडाणी नाही. तो शेण जाळतो, कारण सरपण मिळत नाही. आणि मग तो निर्यातीकडे वळतो.

तेव्हा मुंबई बंदरातून जवसाची पोतीच्या पोती परदेशी जायची. देशातून हाडंसुद्धा जायची. आता थोडी केमिस्ट्री. तेल पिकानं हवा आणि पाण्यातून बनवलेलं असतं. नुसतं तेल विकलं तर जमिनीचं फारसं काही जात नाही. नत्र, स्फुरद, पालाश राहतात पेंडीत. अख्खं बी विकलं, की पेंडही गेली. ती खाणार तिकडची गुरं, शेणखत पडणार तिकडच्या शेतात. हाडांबरोबर स्फुरद गेलं. म्हणजे पोत्यांसोबत जमिनीचा कसही बोटीत चढत होता.

1910 साली कुर्ला ते रे रोड अशी हार्बर लाइन सुरू झाली. आज त्याच लाइननं चेंबूरला उतरलात, की जवळच ट्रॉम्बेचा खत कारखाना. 1965 साली तो सुरू झाला, 1978 पासून तो आरसीएफ. आमच्या आजोबांच्या घरी 'सुफला'ची रिकामी गोणी पावसात खोळ म्हणून डोक्यावर असायची!

नत्र आपण हवेतून पकडायला शिकलो. पण पालाश जवळजवळ सगळं आणि स्फुरदाचा मोठा भाग अजून बोटीनंच येतो. तो महाग. युरियाची 45 किलोची गोणी मात्र 266 रुपये 50 पैशांना. मग गावी काका काय करणार? युरियाच जास्त टाकणार. पीक हिरवंगार दिसतं, पण स्फुरद-पालाशचं खातं रिकामं होत जातं.

व्होल्करचा हिशोब मी काकांना फोनवर सांगितला. ते म्हणाले, "म्हणजे पेंड विकायची नाही, एवढंच ना? हे माझी आजी सांगायची." यंदा खरिपाआधी माती तपासून घेऊ, एवढं मात्र त्यांनी कबूल केलंय.

तुमच्या घरी शेवटची माती कधी तपासली? जरूर कळवा. भेटूया पुढच्या भागात!