अँटवर्पच्या रस्त्यावर सातारचे दातार

इ. स. १९२० सालीं अँटवर्पच्या ऑलिंपिक सामन्यांतील मॅरेथॉन शर्यत ४२.७५ किलोमीटरची होती. पुढें कायम झालेल्या अंतराहून अर्धा किलोमीटर अधिकच. तींत हिंदुस्थानचे दोघे धांवले: बेळगांवचे फडेप्पा चौगुले व सातारचे सदाशिव दातार. (आज सांगलीकडे असलेले तासगांव, वाळवें हे तालुके तेव्हां सातारा जिल्ह्यांतच मोडत.) पुण्यास डेक्कन जिमखान्यावर अनवाणी धांवणारे शेतकरी पाहून सर दोराबजी टाटांनीं हा चमू धाडण्याचें मनावर घेतलें होतें. फिनलंडचा कोलेहमाइनेन पहिला आला, चौगुले एकोणिसावे. दातारांस शर्यत पुरी करतां आली नाहीं. निकालपत्रकानें एवढ्यावरच त्यांची बोळवण केली, तें मात्र न्यायाचें नव्हे. त्याच जिल्ह्यांतील मोही गांवच्या ललिता बाबर ऑलिंपिकमध्यें ३००० मीटर अडथळा शर्यतीच्या अंतिम फेरींत धांवल्या, तें २०१६ सालीं.