अमेरिकेतील ख्रिस्ती चक्रीवादळ मदतकार्य

अमेरिकेतील ख्रिस्ती चक्रीवादळ मदतकार्य म्हणजे अटलांटिक महासागरात निर्माण होणाऱ्या तीव्र चक्रीवादळांचा (हरिकेन) फटका बसलेल्या लोकांसाठी अमेरिकेतील विविध ख्रिस्ती पंथांच्या संस्था आणि स्थानिक चर्च यांनी संघटितपणे चालविलेले सेवाकार्य होय. हंगामापूर्वीची तयारी, तातडीचे अन्न व निवारा, घरांची सफाई आणि दीर्घकालीन पुनर्बांधणी हे या कार्याचे चार प्रमुख टप्पे होत. हे कार्य शासकीय यंत्रणेला पर्याय नसून पूरक असते. त्याचे यश वादळानंतरच्या धावपळीपेक्षा वादळापूर्वीच्या शांत महिन्यांतील नियोजनावर अधिक अवलंबून असते, हे गेल्या शतकभराच्या अनुभवातून स्पष्ट झाले आहे.

वादळांचा हंगाम

अटलांटिक महासागरातील चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा मानला जातो. ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत वादळांचे प्रमाण सर्वाधिक असते. १० सप्टेंबरच्या सुमारास ते शिखर गाठते. वाऱ्याचा सातत्यपूर्ण वेग ताशी ११९ किलोमीटर किंवा त्याहून अधिक झाल्यास वादळाला हरिकेन म्हणतात. सॅफिर-सिम्पसन मापनानुसार हरिकेनच्या पाच श्रेणी केल्या जातात. ही श्रेणी केवळ वाऱ्याच्या वेगावरून ठरते. समुद्राच्या पाण्याची उधाण-लाट आणि पाऊस यांचा तीत विचार होत नाही. २०१७ मधील हार्वे वादळ जमिनीवर आल्यानंतर क्षीण झाले, तरी टेक्सास राज्याच्या काही भागांत त्याने दीड मीटरहून अधिक पाऊस पाडला. त्यामुळे श्रेणी कमी असली म्हणजे धोका कमी असतो, असा समज घातक ठरू शकतो.

इतिहास

८ सप्टेंबर १९०० रोजी टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन या बेटावरील शहरावर आलेले वादळ हे अमेरिकेच्या इतिहासातील सर्वाधिक प्राणहानीची नैसर्गिक आपत्ती मानले जाते. मृतांची संख्या सहा ते बारा हजारांच्या दरम्यान असावी, असा अंदाज आहे. तेथील सेंट मेरीज अनाथाश्रमात दहा कॅथलिक धर्मभगिनी नव्वदहून अधिक मुलांचा सांभाळ करीत होत्या. पाणी चढू लागल्यावर त्यांनी कपडे वाळत घालण्याच्या दोरीने मुलांना आपल्या कमरेशी बांधून घेतले. सर्व धर्मभगिनी आणि बहुतेक सर्व मुले बुडाली. केवळ तीन मुलगे वाचले. याच आपत्तीत साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती संस्थेने देशभरातून आपले कार्यकर्ते पाठविले. तिच्या अमेरिकेतील आपत्तीकार्याचा आरंभ येथूनच मानला जातो.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत असे कार्य प्रसंगानुरूप होत असे. त्याला स्थायी स्वरूप हळूहळू आले. मेथडिस्ट पंथाची मदत समिती १९४० मध्ये स्थापन झाली. ती पुढे युनायटेड मेथडिस्ट कमिटी ऑन रिलीफ या नावाने ओळखली जाऊ लागली. १९५० मध्ये कॅन्सस राज्यातील हेस्टन येथील मेनोनाइट तरुणांनी मेनोनाइट डिझास्टर सर्व्हिस या संस्थेचा पाया घातला. मेनोनाइट हा शांततावादी पंथ आहे. दुसऱ्या महायुद्धात शस्त्र हाती घेण्यास नकार देऊन या पंथाच्या अनेक तरुणांनी त्याऐवजी नागरी सेवा केली होती. शांतताकाळातही आपले श्रम समाजाच्या कामी यावेत, ही भावना संस्थेच्या स्थापनेमागे होती.

१९६७ मध्ये बेउला वादळानंतर टेक्सासमधील बाप्टिस्ट कार्यकर्त्यांनी लहानशा शेगड्यांवर आपद्‌ग्रस्तांसाठी गरम अन्न शिजविले. या साध्या उपक्रमातून सदर्न बाप्टिस्ट डिझास्टर रिलीफ या देशव्यापी कार्याचा विस्तार झाला. पिवळ्या सदऱ्यांतील स्वयंसेवक आणि मोठ्या वाहनांवरील फिरती स्वयंपाकघरे ही आज त्याची ओळख आहे.

ऑगस्ट १९६९ मध्ये मिसिसिपीच्या किनाऱ्यावर आलेल्या कॅमिल वादळानंतर मदतसंस्थांमधील विसंवाद उघड झाला. काही वस्त्यांत एकच मदत अनेकदा पोहोचली, तर काही वस्त्या उपेक्षित राहिल्या. यातून धडा घेऊन १९७० मध्ये सात संस्थांनी एक राष्ट्रीय समन्वय मंच स्थापन केला. या मंचावर धार्मिक आणि धर्मनिरपेक्ष अशा दोन्ही प्रकारच्या संस्था एकत्र काम करतात.

हंगामपूर्व तयारी

हंगामापूर्वीच्या महिन्यांत चर्चमध्ये पुढील कामे केली जातात.

• यादी करणे: एकटे राहणारे वृद्ध, अपंग, ऑक्सिजनवर किंवा डायलिसिसवर असलेले रुग्ण आणि वाहन नसलेली कुटुंबे यांची नोंद ठेवून प्रत्येकाची विचारपूस करण्याची जबाबदारी एखाद्या शेजाऱ्यावर सोपविली जाते. स्थलांतराचा आदेश निघाल्यावर कोणी कोणाला गाडीतून न्यायचे, हे आधीच ठरलेले असते.

• इमारतीची तपासणी: चर्चचे सभागृह प्रशस्त असले, तरी त्याचे रुंद छत वेगवान वाऱ्यापुढे टिकेलच असे नाही. त्यामुळे प्रत्येक चर्च निवारा म्हणून योग्य ठरत नाही. उंची, पुराचा धोका आणि बांधकाम तपासूनच निवाऱ्याचा निर्णय घेतला जातो. बाप्तिस्मा व विवाहाच्या नोंदवह्या, विम्याची कागदपत्रे आणि मालमत्तेची छायाचित्रे सुरक्षित ठिकाणी हलविली जातात.

• प्रशिक्षण: यांत्रिक करवत चालविणे, छतावर ताडपत्री बसविणे, चिखल उपसणे आणि मोठ्या प्रमाणावर स्वयंपाक करणे यांचे वर्ग घेतले जातात. प्रशिक्षित स्वयंसेवकाला ओळखपत्र मिळते. बोलावणे आल्याशिवाय आपद्‌ग्रस्त भागात जाऊ नये, हा सर्व प्रमुख संस्थांचा नियम आहे. कारण अनाहूत स्वयंसेवकाच्या अन्नपाण्याचा व मुक्कामाचा भार आपद्‌ग्रस्तांवरच पडतो.

• साहित्य साठविणे: मेथडिस्ट चर्चची ‘सफाई बादली’ हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय. झाकण असलेल्या मोठ्या बादलीत घासण्या, स्पंज, ब्रश, पुसणी, साबण, कपडे वाळविण्याची दोरी व चिमटे, कचऱ्याच्या पिशव्या, मुखपट्ट्या आणि हातमोजे ठरलेल्या संख्येने भरले जातात. प्रत्येक बादलीतील वस्तू सारख्याच असल्यामुळे त्या उघडून निवडण्यात वेळ जात नाही.

• लोकशिक्षण: माणशी दररोज सुमारे चार लिटर पाणी, औषधे, महत्त्वाची कागदपत्रे आणि रोख रक्कम जवळ ठेवण्याविषयी सांगितले जाते. विद्युत जनित्र घरात किंवा खिडकीजवळ चालवू नये, ही सूचना आवर्जून दिली जाते. २०२० मधील लॉरा वादळानंतर लुइझियाना राज्यात अनेकांचा मृत्यू जनित्राच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूमुळे झाला.

कामाची विभागणी

सर्वांनी सर्व कामे करण्याऐवजी प्रत्येक संस्थेने विशिष्ट काम अंगीकारण्याची पद्धत कालांतराने रूढ झाली. बाप्टिस्ट स्वयंसेवक अन्न शिजवितात आणि ते उष्णतारोधक डब्यांतून रेड क्रॉसच्या वाहनांद्वारे वाटले जाते. रेड क्रॉस ही स्वतः धार्मिक संस्था नाही. सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाची सेवासंस्था देणगीदाखल आलेल्या वस्तूंची गोदामे सांभाळते. चर्च ऑफ द ब्रेदरन या पंथाचे प्रशिक्षित स्वयंसेवक १९८० पासून निवारा केंद्रांत लहान मुलांची देखभाल करतात. पालक अर्ज भरण्याच्या रांगेत असताना मुलांना खेळता यावे, आपली भीती व्यक्त करता यावी, हा त्यामागील हेतू आहे. कॅथलिक चॅरिटीज ही संस्था कुटुंबनिहाय पाठपुराव्याचे काम करते. मेनोनाइट स्वयंसेवक मुख्यतः घरे बांधतात.

मागणीशिवाय येणारे जुने कपडे आणि वस्तू ही मात्र सर्वच संस्थांची डोकेदुखी आहे. त्यांची निवड, साठवण आणि विल्हेवाट यांत मनुष्यबळ खर्ची पडते. म्हणून वस्तूंऐवजी पैसे द्यावेत, असे आवाहन सर्व मोठ्या संस्था करतात.

दीर्घकालीन पुनर्बांधणी

प्रसारमाध्यमांचे लक्ष काही आठवड्यांत ओसरते; पुनर्बांधणीला मात्र अनेक वर्षे लागतात. अमेरिकेत घराच्या सर्वसाधारण विम्यात पुराचे नुकसान समाविष्ट नसते आणि शासकीय अनुदान घर पूर्ववत करण्यास सहसा पुरत नाही. दक्षिणेकडील अनेक कृष्णवर्णीय कुटुंबांची घरे वारसाहक्काने, नोंदणीकृत कागदपत्रांविना चालत आलेली आहेत. मालकी सिद्ध करता न आल्यामुळे २००५ च्या कॅटरिना वादळानंतर अशी असंख्य कुटुंबे अनुदानापासून वंचित राहिली. अशांसाठी स्थानिक ‘दीर्घकालीन पुनर्वसन गट’ एकत्र बसतात. एक संस्था साहित्याचा खर्च उचलते, दुसरी श्रम देते, तिसरी कायदेशीर साहाय्य पुरविते.

न्यू ऑर्लिन्सच्या पूर्व भागातील मेरी क्वीन ऑफ व्हिएतनाम या कॅथलिक चर्चचे उदाहरण या संदर्भात दिले जाते. कॅटरिनानंतर या भागातील व्हिएतनामी वंशाचे रहिवासी चर्चच्या आधाराने लवकर परतले आणि आपली वस्ती पुन्हा उभारू लागले. वस्तीजवळ वादळाचा कचरा टाकण्यासाठी उघडलेल्या डेपोविरुद्ध त्यांनी २००६ मध्ये यशस्वी आंदोलनही केले.

तत्त्वे आणि वादविषय

आपद्‌ग्रस्त माणूस अगतिक असतो. त्यामुळे मदतीच्या मोबदल्यात प्रार्थनेची किंवा धर्मांतराची अपेक्षा करणे अनैतिक मानले जाते. १९९४ च्या आंतरराष्ट्रीय आचारसंहितेनुसार मदत वंश, पंथ किंवा राष्ट्रीयत्व न पाहता, केवळ गरजेनुसार द्यावयाची असते. तिचा उपयोग धार्मिक वा राजकीय मत पुढे रेटण्यासाठी करता येत नाही. ही संहिता घडविणाऱ्यांत कॅरितास इंटरनॅशनलिस, लुथरन वर्ल्ड फेडरेशन आणि वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस या ख्रिस्ती संघटनाही होत्या. प्रत्यक्षात मात्र श्रद्धेची सहज अभिव्यक्ती कोठे संपते आणि दडपण कोठे सुरू होते, याविषयी मतभेद होत असतात.

शासन आणि चर्च यांच्यातील आर्थिक संबंध हाही वादाचा विषय आहे. हार्वे वादळात नुकसान झालेल्या टेक्सासमधील तीन चर्चनी शासकीय दुरुस्ती अनुदानातून वगळल्याबद्दल संघराज्य सरकारच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेविरुद्ध (फेमा) दावा दाखल केला. जानेवारी २०१८ मध्ये संस्थेने आपले धोरण बदलून उपासनागृहांनाही पात्र ठरविले. हा निर्णय समन्याय्य असल्याचे समर्थकांचे म्हणणे होते, तर धर्म आणि राज्य यांच्या विभक्ततेला त्यामुळे बाधा येते, असे टीकाकारांचे मत होते.

भारतातील समांतर कार्य

भारतात प्रोटेस्टंट व ऑर्थोडॉक्स चर्चची ‘कासा’ ही संस्था १९४७ मध्ये फाळणीच्या निर्वासितांच्या मदतकार्यातून उदयास आली. कॅथलिक चर्चची कॅरितास इंडिया १९६२ मध्ये स्थापन झाली. महाराष्ट्रातील ख्रिस्ती मदतकार्याची परंपरा वादळांपेक्षा दुष्काळाशी अधिक निगडित आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून निराधार मुली व स्त्रिया आणून त्यांना आश्रय दिला. केडगावचे मुक्ती मिशन त्याच कार्यातून वाढले.

उत्तर हिंदी महासागरात वादळांचे दोन हंगाम असतात: मान्सूनपूर्व आणि मान्सूनोत्तर. पूर्वतयारीचे महत्त्व येथेही सिद्ध झाले आहे. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार लोक मृत्युमुखी पडले. २०१३ च्या फायलिन वादळापूर्वी मात्र राज्य शासनाच्या पुढाकाराने सुमारे दहा लाख लोकांना सुरक्षित स्थळी हलविण्यात आले आणि मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. ३ जून २०२० रोजी रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने नारळी-पोफळीच्या बागा उद्ध्वस्त केल्या. त्यानंतर पश्चिम किनाऱ्यावरील वादळपूर्व तयारीचा प्रश्नही चर्चेत आला.

हेही पाहा

• चक्रीवादळ
• आपत्ती व्यवस्थापन
• पंडिता रमाबाई